भिंतीखालचा निरोगी दगड

डॉक्टरला निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, पण ही बातमी त्याच्या हातांपर्यंत अजून पोचली नव्हती. पस्तीस वर्षं दाढा उपटलेला माणूस तो. समोर कुणी जांभई दिली की याची मान आपोआप वाकायची आणि डोळे आपोआप बारीक व्हायचे. एकदा म्हणे बँकेच्या रांगेत पुढच्या माणसाने आ केला, तर हा म्हणाला, "डावीकडची शेवटून दुसरी. उन्हाळ्यापर्यंत टिकली तर टिकली." तो माणूस रांग सोडून जो पळाला, तो पुन्हा त्या बँकेत कुणाला दिसला नाही.

अशा माणसाच्या हाती दगडाळ जमीन देऊ नये. पण त्याच्या बायकोने दिली.

बायकोही काही साधी नव्हती. तिनेही तीस वर्षं त्याच दवाखान्यात हत्यारं उकळली होती आणि पेशंटांची डोकी धरली होती. आता तिला फुलं हवी होती. घराची मागची बाजू आणि शेजाऱ्याची कमरेएवढी दगडी भिंत यांच्यामध्ये वीस फूट लांब आणि सहा फूट रुंद असा एक पट्टा होता. ज्याने घर बांधलं त्याने उरलासुरला सगळा राडारोडा तिथे पुरून वर चार बोटं माती भुरभुरवली होती, केकवर साखर भुरभुरवतात तशी. कुदळ मारली की ठिणगी उडायची. मागच्या वर्षी तिने तिथे एक शेवंती लावून पाहिली. तिची मुळं आत जाऊन चौकशी करून आली आणि पुन्हा वर येऊन बसली.

या वर्षी तिने आधी रोपं आणली आणि मग नवऱ्याला कामाला लावलं. शेवंती आणि झिनियाची चाळीस रोपं मागच्या पायरीवर मांडली होती. रोपवाटिकेवाला सांगून गेला होता, की रविवारच्या आत जमिनीत गेली नाहीत तर मग ती जळण म्हणून वापरा.

"लिंबाएवढा एकही दगड दिसता कामा नये," बायको म्हणाली.

"आधी तपासतो," डॉक्टर म्हणाला.

त्याने तपासलं. एक लोखंडी सळई घेऊन दोन दिवस तो हा पट्टा वीत वीत टोचत फिरला. सळई टेकली की कान लावायचा आणि मान हलवायचा. बारीकसारीक खडे चाळणीने जातील, असा निर्णय झाला. मोठे दगड मात्र मोजले, आणि ते निघाले बत्तीस. एकतीस निघाले असते तर हा माणूस शांत राहिला असता, चाळीस निघाले असते तरी राहिला असता. पण बत्तीस! सोळा घराच्या बाजूच्या ओळीत आणि सोळा भिंतीच्या बाजूच्या ओळीत. त्याने कागद घेतला आणि वर एक ओळ, खाली एक ओळ असा तक्ता काढला. वरची ओळ भिंतीची, खालची घराची. जे काढायचे त्यांच्यावर फुली. भिंतीच्या पायाखाली गेलेले काही होते, त्यांच्याभोवती गोल. हे निरोगी, यांना हात लावायचा नाही.

बायकोने खांद्यावरून वाकून पाहिलं. "अहो, हा बागेचा नकाशा आहे की जबड्याचा?"

"फरक काय असतो?"

"जबड्यात शेवंती लावत नाहीत."

आता भिंतीपलीकडच्या माणसाबद्दल सांगायला हवं, कारण खरी गोष्ट त्याच्या तोंडात आहे.

तो लिलाव पुकारणारा होता. जुनं फर्निचर, बंद पडलेल्या दुकानांचा माल, कुणाच्या तरी आत्याची कपाटं, सगळं तो पुकारायचा. अख्खी गल्ली त्याला भोंगा म्हणायची, तोंडावर म्हणायची आणि त्याला ते आवडायचं. त्याच्या आवाजाने म्हणे एकदा तीन गल्ल्या पलीकडे झोपलेल्या माणसाने दचकून हात वर केला आणि जागा झाला तेव्हा त्याच्या दारात एक झुंबर येऊन पडलं होतं. कुजबुजणं त्याला कधी जमलंच नाही. घरात एकटाच राहायचा, तरी तो स्वतःशी काय बोलतोय ते कोपऱ्यावरच्या वाण्याला कळायचं.

आणि या आवाजात तो अकरा वर्षं डॉक्टरची स्तुती करत होता.

"देवमाणूस!" तो भर रस्त्यात म्हणायचा. "एकीला हात लावला आणि दुसरी फुकट काढून दिली! आणि ती दाढ गेल्यापासून माझा आवाज बघा. त्या खिंडीतून मोकळा निघतो!"

डॉक्टर ते ऐकून हसायचा आणि घरात जाऊन पाणी प्यायचा. कारण अकरा वर्षांपूर्वी भोंग्याची किडली होती खालची दाढ. डॉक्टरने एक्स-रेची फिल्म काढली, दिव्यासमोर धरली, आणि धरली ती उलटी. खालचं वर झालं. त्याने वरची, ठणठणीत, बुरुजासारखी दाढ पाऊण तास घाम गाळून उपटली. ती निघता निघेना तेव्हाच त्याला शंका यायला हवी होती. किडकी दाढ एवढी इमानी नसते. ती भांड्यात पडली तेव्हा बायकोने तिच्याकडे पाहिलं आणि मग नवऱ्याकडे पाहिलं. पांढरीशुभ्र होती. दोघांपैकी कुणी तोंड उघडलं नाही. त्या खोलीत तोंड उघडं होतं ते एकट्या भोंग्याचं.

चार दिवसांनी भोंगा परत आला. अजून दुखत होतं. डॉक्टर म्हणाला, "तिची शेजारीणही बिघडली आहे," आणि खरी दाढ फुकट काढून दिली. तेव्हापासून हा देवमाणूस.

हे सगळं असंच जिरलंही असतं. पण आता भोंग्याचं उजव्या बाजूला काहीतरी सुरू झालं होतं. गेले पंधरा दिवस त्याचा गाल रोज नव्या आकाराचा दिसत होता. गालाला रुमाल बांधून, पेज पिऊन तो दिवस काढत होता. अर्ध्या तोंडाने लिलाव पुकारायचा, तेव्हा बाजारातल्या लोकांना आयुष्यात पहिल्यांदा चिमण्या ऐकू आल्या. डॉक्टरने त्याला शंभरदा सांगितलं, की बाबा, मी खुर्ची विकली, कोपऱ्यावर नवी डॉक्टरीण बसते, तिच्याकडे जा.

"तिच्याकडे?" भोंगा ओरडायचा. "या तोंडात बोट घालील तो तूच. दुसऱ्या कुणी घातलं तर ते बोट परत मिळणार नाही. मी थांबतो. तू कुठूनतरी हत्यारं आण."

बायकोने शुक्रवारी रात्रीच्या जेवणाला डॉक्टरसमोर ताट ठेवलं आणि हात काही मागे घेतला नाही. "सांगून टाका. त्यांचा गाल बघवत नाही मला. तुमच्या भरवशावर कुजतोय तो माणूस."

"सांगितलं तर मैत्री जाईल."

"नाही सांगितलं तर जबडा जाईल. कुठलं परवडतं ते ठरवा आणि मग जेवा."

डॉक्टर जेवला, पण काय जेवला ते त्याला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

शनिवारी सकाळी काम सुरू झालं. भोंगा रुमाल बांधून आणि खांद्यावर पहार टाकून भिंतीवरून टांग टाकून आला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. त्याला बोलवावं कधी लागायचंच नाही. डॉक्टरने घराकडे पाठ केली, तक्ता समोर धरला आणि पहिल्या फुलीपाशी बसला. खुरप्याने कडा मोकळ्या केल्या, सळई घालून हळूच हलवून पाहिलं.

"जरा दाब जाणवेल हं," तो दगडाला म्हणाला.

"अरे, तो दगड आहे."

"तरी सांगावं. नाहीतर घाबरतात."

दगड सैल झाला, डॉक्टरने मनगट फिरवलं आणि तो वर आला. भोंग्याने तो दोन्ही हातांनी उंच धरला. "काळा, जड, निरुपयोगी! घेता का कुणी? एक वार! दोन वार! कुणीच नाही? वहिनी, तुम्हाला!" आणि तो घमेल्यात पडला. गाल दुखून भोंगा कळवळला, पण पुढच्या दगडाला पुन्हा पुकारायला तयार. असे अकरा दगड निघाले. प्रत्येक दगडाला डॉक्टर मनात म्हणत होता, हा निघाला की सांगतो. अकरा निघाले तरी शब्द काही निघाला नाही.

"तुझा हात अजून काय हलका आहे रे," भोंगा म्हणाला. "संध्याकाळी बघ ना माझी. हीच सळई चालेल."

"चालणार नाही."

"मग घरातला चिमटा घे. मी ओरडणार नाही."

हे ऐकून पायरीवर बसलेली बायकोसुद्धा हसली. पण हसता हसता तिने डॉक्टरकडे जे पाहिलं, त्यात हसू नव्हतं.

मग चहा झाला. डॉक्टरने तक्ता पायरीवर ठेवला होता, तो परत उचलला आणि कामाला लागला. घोडं पेंड खायला लागलं ते इथे. कागदावर नावं नव्हती, आकडे नव्हते, होत्या त्या फुल्या आणि गोल. फुली उलटी धरली तरी फुलीच दिसते. डॉक्टरने पाहिलं: वरची ओळ, सहावा, फुली. तो सरळ भिंतीपाशी जाऊन बसला.

तो दगड निघेना. खुरपं झालं, सळई झाली, घाम झाला. भोंग्याने पहार घातली आणि वर चढून उभा राहिला, तरी दगड ढिम्म. डॉक्टरला ती पांढरीशुभ्र दाढ आठवली. एवढा इमानी दगड? पण पस्तीस वर्षांची सवय अशी, की एकदा हात घातला की रिकामा बाहेर काढायचा नाही.

"अजून थोडं," तो म्हणाला. "आलाच."

आणि आला. चौकोनी, स्वच्छ, कुठे चीर नाही, कुठे टवका उडालेला नाही. त्याला पाहून बायको पायरीवरून उठलीच. भिंतीने क्षणभर विचार केला. मग तिने एक मोठा श्वास सोडला आणि आठ फूट लांब भिंत, पलीकडे भोंग्याच्या अंगणात, एखादा थकलेला पाहुणा बसतो तशी बसली. धूळ एवढी उडाली की म्हणे दोन गल्ल्यांतल्या बायकांनी वाळत घातलेले कपडे पुन्हा धुवायला काढले. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. गल्लीतल्या खिडक्या मात्र एकेक करून उघडल्या.

धूळ बसल्यावर भोंग्याने दगडाकडे पाहिलं, पडलेल्या भिंतीकडे पाहिलं, आणि डॉक्टरच्या हातातला कागद घेऊन फिरवला.

"अरे डॉक्टर!" तो गाल धरून हसायला लागला. "कागद उलटा धरलास! खालचा काढायचा होता, तू वरचा काढलास की!"

डॉक्टर त्या चौकोनी दगडावर बसला. 

"तुझीही," तो म्हणाला.

"माझी काय?"

"दाढ. खालची काढायची होती, वरची काढली. फिल्म उलटी धरली होती मी."

भोंग्याचं हसू जिथे होतं तिथेच थांबलं. त्याच्या डाव्या गालाच्या आत जीभ फिरताना बाहेरून दिसली. वरच्या रिकाम्या जागेपाशी जाऊन ती थबकली.

"आणि दुसरी?"

"दुसरी म्हणजेच खरी पहिली."

"शेजारीण बिघडली म्हणालास."

"शेजारीण बिघडलेलीच होती. मी जी काढली ती चांगली होती. तुझी दाढ मी वाया घालवली, भोंग्या, आणि तेव्हापासून तू मला देव म्हणतोस. आता पुन्हा माझ्या भरवशावर बसू नकोस. तो गाल घेऊन आत्ताच्या आत्ता कोपऱ्यावर जा."

भोंग्याने तक्ता पायरीवर ठेवला. मग म्हणाला, "मी तुझ्याकडे माझा मेहुणा पाठवला होता."

"त्याची बरोबर काढली."

"तिथे चुकला असतास तरी चाललं असतं."

वरच्या खिडकीतून कुणीतरी विचारलं, "काय झालं हो?" डॉक्टरने डोळे मिटले. आता हा छाती भरून घेणार आणि पस्तीस वर्षांची अब्रू एक वार, दोन वार करत गल्लीत पुकारणार. पण आवाज आला नाही. डोळे उघडले तर भोंगा रुमाल सोडून पुन्हा घट्ट बांधत होता. दगडांवरून उड्या टाकत तो आपल्या घरात गेला, पुढच्या दाराने बाहेर पडला आणि रस्त्याला लागला. बोलका भोंगा अख्ख्या गल्लीला सवयीचा होता. गप्प भोंगा कुणी पाहिलाच नव्हता. खिडक्या आपणहून मिटल्या.

बायको फाटकापर्यंत जाऊन बघून आली.

"कुठे वळला?" डॉक्टरने विचारलं.

"कोपऱ्याकडे."

"नक्की?"

"नक्की. रस्ता ओलांडून, डॉक्टरणीच्या पाटीखालून आत."

डॉक्टरच्या जिवात जीव आला. मैत्री गेली असेल तर गेली, पण जबडा वाचला. गंमत म्हणजे मैत्री गेल्याचं जेवढं दुःख व्हायला हवं होतं तेवढं होत नव्हतं, कारण त्याला एकदम सडकून भूक लागली होती. काल रात्रीचं, परवाचं, बहुधा अकरा वर्षांतलं सगळं न जेवलेलं जेवण आठवून लागल्यासारखी. तो पायरीवर बसला, ताटलीभर भाकरी आणि जे पुढे येईल ते खाल्लं आणि वर दोन कप चहा प्यायला. बायको त्याच्या शेजारी बसून तोंडावर हात धरून हसत होती. डोळेही पुसत होती. काय आधी चाललंय आणि काय नंतर, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

"बरं वाटतं का?" तिने विचारलं.

"लाज वाटते," डॉक्टर म्हणाला. "आणि फार बरं वाटतं."

मग तिने कागदावर एका कडेला बाण काढला, शेजारी मोठ्या अक्षरात 'भिंत' असं लिहिलं आणि तो त्याच्या हातात दिला.

उन्हं कलायला लागल्यावर भोंगा आला. पडलेल्या भिंतीवरूनच आला. तोंडात कापसाचा बोळा होता, ओठ एका बाजूने लोंबत होता आणि गाल असा बधिर की त्यावर माशी बसली तरी पत्ता नाही. दगडांच्या ढिगावर बसून त्याने खिशातून कागदाची पुडी काढली आणि डॉक्टरपुढे धरली. डॉक्टरने ती उघडली, दाढ उन्हात धरून सगळीकडून पाहिली. काळी, पोखरलेली.

"बरोबर काढली आहे," तो म्हणाला.

भोंग्याने मान हलवली. रागावला आहे की नाही ते त्या चेहऱ्यावरून कळायला मार्ग नव्हता, कारण अर्धा चेहरा तर झोपला होता. त्याने पहार उचलली. डॉक्टरने पुढच्या फुलीवर बोट ठेवलं. भोंग्याने कागद त्याच्या हातातून घेतला, बाण पाहिला, भिंत होती ती जागा पाहिली, पुन्हा बाण पाहिला आणि मग परवानगी दिली. दोघांनी शेवटचे सात दगड असे काढले, आणि त्यातला एकही पुकारला गेला नाही. डॉक्टरला ती शांतता भिंतीपेक्षा जड वाटली, पण ती वाहायला तो तयार होता.

बायको चाळणीने खडे गाळत होती. माती खाली पडत होती, काळी, मऊ.

शेवटी भोंग्याने बोळा थुंकला आणि हळू आवाजात म्हणाला, "ओरडायचं नाही म्हणाली डॉक्टरीण. आजचा दिवस."

त्याचा हळू आवाज कसा असतो ते डॉक्टरला त्या दिवशी कळलं. बरा होता. थोडासा घोगरा.

"तिने वरची जागा पाहिली," भोंगा म्हणाला. "म्हणाली, आजोबा, आजूबाजूच्या दोन्ही दाढा ठणठणीत आहेत, ही मधलीच कुणी काढली?"

डॉक्टरच्या हातातलं खुरपं थांबलं. "मग?"

"मी म्हटलं, पडली."

"पडली? ती कशी पडेल?"

"म्हटलं, एका कपाटाचा लिलाव चालू होता. तीन वार म्हणताना जोर जास्त लागला आणि दाढ उडाली. मागच्या रांगेतल्या गिऱ्हाइकाने झेलली."

"तिने मानलं?"

"लिहून घेतलं तिने!"

डॉक्टर आधी गालात हसला, मग मातीत बसून हसला, मग त्याला श्वास मिळेना. भोंगाही हसायला गेला, पण ओठ साथ देईना, म्हणून अर्ध्याच तोंडाने हसला. आणि लाळ शर्टावर पडली. बायकोने फडकं फेकलं ते त्याने डोक्यावर झेललं.

"हसू नकोस," भोंगा लगेच गंभीर झाला. "दाढेचं जाऊ दे. दाढ काय, गेली. पण अकरा वर्षं तू माझ्यासमोर गप्प बसलास त्याचा मला राग आलाय. अजून चार-पाच दिवस येणार आहे."

"येऊ दे. आठवडाभर येऊ दे."

"आणि मी रागावलेला असताना भिंत लागते मला. पलीकडे तोंड करून उभं राहायला."

"उद्यापासून रचायला घेतो."

"घाई नाही म्हणून सांगतोय," भोंगा म्हणाला. "आधी राग संपू दे."

"भावजी," बायको रोपांचं ताट घेऊन आली, "रागवा हवं तेवढं, पण बसून रागवा. हे इथे लावायचं, दोन विती अंतर सोडून."

भोंगा कुरकुरत गुडघ्यावर बसला आणि मातीत बोट घातलं. बोट मुळापर्यंत आत गेलं, कुठेही अडलं नाही. त्याने आश्चर्याने डॉक्टरकडे पाहिलं, आणखी एक बोट घातलं, मग अख्खा हात. आणि त्या खड्ड्यात पहिली झिनिया उभी राहिली.